परराष्ट्रमंत्र्यांना खुले पत्र: हेगमध्ये मांडलेला युक्तिवाद पॅलेस्टिनी कैद्यांसाठीही मांडा

मा. डॉ. एस. जयशंकर,
परराष्ट्रमंत्री, भारत सरकार, यांस

स. न. वि. वि.

सांगलीच्या जिल्हा न्यायालयात मी छत्तीस वर्षं फौजदारी वकिली केली. आता काळा कोट कपाटात टांगलेला आहे. परवा जुनी कात्रणं चाळताना आपल्या मंत्रालयाचं 26 डिसेंबर 2017 चं एक निवेदन हाती लागलं. आपण तेव्हा परराष्ट्र सचिव होतात. आदल्या दिवशी, पाकिस्तानात हेरगिरीच्या आरोपाखाली कैदेत असलेल्या कुलभूषण जाधव यांची आई आणि पत्नी इस्लामाबादला त्यांना भेटून आल्या होत्या. मधे काच, बोलायला इंटरकॉम. भेटीआधी मंगळसूत्र, बांगड्या, टिकली उतरवायला लावली होती. आणि आई मराठीत बोलू लागली की तिला अडवत होते. आपल्या मंत्रालयाने याचा स्पष्ट शब्दांत निषेध केला होता. आईने पोटच्या मुलाशी कोणत्या भाषेत बोलावं हे पहारेकऱ्याने ठरवायचं, याचा आमच्या गल्लीत प्रत्येकाला संताप आला होता.

त्या प्रकरणातला भारताचा युक्तिवाद मी वकिलाच्या नजरेने पानन् पान वाचला आहे. 10 एप्रिल 2017 रोजी फाशीची बातमी आली त्याच दिवशी आपण स्वतः पाकिस्तानच्या उच्चायुक्तांना बोलावून घेतलंत आणि सुनावलंत, की कायद्याचे किमान नियम न पाळता ही शिक्षा अमलात आणली तर भारत तिला पूर्वनियोजित हत्या मानेल. मग हेगचं आंतरराष्ट्रीय न्यायालय. आपल्या नागपूरच्या हरीश साळवे यांनी तिथे बंद दाराआडच्या लष्करी खटल्याचं वाभाडं काढलं: पसंतीचा वकील नाही, पुरावा उघड नाही, आणि भिस्त कशावर, तर कोठडीत घेतलेल्या कबुलीवर. 17 जुलै 2019 ला आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 15 विरुद्ध 1 मतांनी निकाल दिला, पाकिस्तानने परदेशी कैद्याला आपल्या वकिलातीशी संपर्काचा हक्क देणाऱ्या व्हिएन्ना कराराचा भंग केला आहे. दुसऱ्या दिवशी संसदेत निवेदन करायला परराष्ट्रमंत्री म्हणून आपणच उभे होतात.

मंत्रिमहोदय, तो युक्तिवाद बरोबर होता. तोच युक्तिवाद वेस्ट बँकेतल्या आणि गाझातल्या कैद्यांना शब्दशः लागू पडतो, आणि तिथे मात्र भारत बोलत नाही. हे पत्र त्यासाठी.

जून 1967 मध्ये इस्रायली सैन्य वेस्ट बँकेत शिरलं तेव्हा त्याने लष्करी न्यायालयं उभी केली. त्या वेळच्या तिसऱ्या जाहीरनाम्यात 35 वं कलम होतं: या न्यायालयांनी युद्धात आणि ताब्यातल्या प्रदेशात नागरिकांना संरक्षण देणाऱ्या चौथ्या जिनिव्हा कराराचं पालन करावं, आणि लष्करी हुकूम व करार यांत विरोध आला तर करार श्रेष्ठ. म्हणजे इस्रायली लष्कराच्या कायदेपंडितांना पहिल्या दिवशी कायदा नीट ठाऊक होता. ऑक्टोबर 1967 मध्ये ते कलम काढून टाकण्यात आलं. मला या सगळ्या इतिहासात सर्वांत बोलका तपशील हा वाटतो. न्यायालयं मात्र आजही चालू आहेत, ओफरला आणि सालेमला. फिर्यादी लष्करी गणवेशात, न्यायाधीश लष्करी गणवेशात. ‘हारेत्झ’ या इस्रायली दैनिकाने 2011 मध्ये लष्कराचाच एक अहवाल छापला होता. त्यानुसार 2010 मध्ये दोषी ठरण्याचं प्रमाण 99.74 टक्के होतं. माझ्या छत्तीस वर्षांत मी चांगले आणि वाईट दोन्ही न्यायाधीश पाहिले, पण ज्या कोर्टात शंभरातला एकही आरोपी सुटत नाही त्याला कोर्ट म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

एकाच डोंगरावर पॅलेस्टिनी गाव असतं आणि वर इस्रायली वसाहत. दोन्हीकडच्या पोरांनी दगड मारले तर वसाहतीतला मुलगा इस्रायलच्या नागरी न्यायालयात जातो आणि गावातला लष्करी न्यायालयात. बारा वर्षांचं पोरही तिथे उभं करता येतं. युनिसेफने 2013 मध्ये या मुलांविषयी सविस्तर लिहिलं. रात्री-अपरात्री घरातून उचलायचं, हात बांधून, डोळ्यांवर पट्टी बांधून न्यायचं, आणि शेवटी हिब्रूत लिहिलेल्या कबुलीजबाबावर सही घ्यायची, जो त्या अरबी बोलणाऱ्या मुलाला वाचताही येत नाही.

इथे मला माझ्या पक्षकारांची आठवण येते. आपल्याकडेही प्रतिबंधक स्थानबद्धता, म्हणजे खटल्याविना डांबून ठेवणं, आहे. राज्यघटनेच्या 22 व्या अनुच्छेदानेच तिला जागा दिली आहे, आणि तिचा गैरवापर मी जवळून पाहिला आहे. झोपडपट्टीदादांविरुद्धच्या 1981 च्या कायद्याखाली धरलेल्या माणसांची प्रकरणं मी मुंबई उच्च न्यायालयापर्यंत नेली. तिथे कितीतरी हुकूम एकाच मुद्द्यावर रद्द झाले: धरलेल्या माणसाला स्थानबद्धतेची कारणं त्याला कळेल अशा भाषेत दिली नव्हती. मराठी भाषांतर नाही, किंवा दिलेली प्रत वाचता येत नाही, एवढ्यावर माणूस सुटायचा. बाहेरच्यांना ही पळवाट वाटते, पण सगळा मुद्दा तोच आहे. आरोपच कळला नाही तर उत्तर कशाचं द्यायचं?

वेस्ट बँकेतल्या प्रशासकीय स्थानबद्धतेत हेच नाही. लष्करी अधिकारी सहा महिन्यांचा हुकूम काढतो, तो संपला की पुन्हा सहा महिने, त्याला कमाल मर्यादा नाही. पुरावा गोपनीय फाइलमध्ये, तो न्यायाधीशाला दिसतो, कैद्याला नाही आणि त्याच्या वकिलालाही नाही. ऑक्टोबर 2023 च्या सुरुवातीला असे सुमारे 1,300 लोक होते. दोन वर्षांनी तो आकडा 3,500 च्या आसपास गेला. नोव्हेंबर 2024 मध्ये इस्रायलचे संरक्षणमंत्री काट्झ यांनी जाहीर केलं, की वेस्ट बँकेतल्या ज्यू वसाहतवाल्यांवर ही स्थानबद्धता यापुढे वापरली जाणार नाही. हत्यार वाईट आहे हे मान्य झालं, पण फक्त आपल्या माणसांपुरतं.

याचं मूळ ब्रिटिशांकडे आहे, पॅलेस्टाईनवर त्यांचं राज्य असतानाच्या 1945 च्या संरक्षण नियमांत. तेव्हा ते ज्यू बंडखोरांविरुद्ध वापरले जात, आणि 1946 मध्ये तेल अवीवला ज्यू वकिलांनी एकत्र येऊन त्यांचा जाहीर धिक्कार केला होता. महाराष्ट्राला या औषधाची चव त्याच्याही आधीपासून माहीत आहे. रँडच्या खुनानंतर 1897 मध्ये पुण्याच्या नातू बंधूंना 1827 च्या मुंबई रेग्युलेशनखाली असंच विनाचौकशी डांबलं होतं.

गाझाच्या माणसांसाठी वेगळा कायदा आहे, 2002 चा, ‘बेकायदा लढवय्ये’ ठरवणारा. डिसेंबर 2023 मध्ये त्याच्या मुदती ताणल्या. हुकूम न काढता 45 दिवस ठेवता येऊ लागलं, न्यायाधीशापुढे 75 दिवस न नेता ठेवता येऊ लागलं, वकिलाची भेट त्याहून पुढे ढकलता येऊ लागली. आपल्याकडे अटकेनंतर चोवीस तास उलटले आणि मॅजिस्ट्रेटसमोर नेलं नाही तर आम्ही अर्ज घेऊन धावायचो. 75 दिवसांत माणसाच्या अंगावरचे वळ भरून येतात. ऑक्टोबर 2025 च्या युद्धविरामात गाझाचे सुमारे 1,700 लोक सोडण्यात आले, ज्यांच्यावर कधीच दोषारोपपत्र ठेवलं नव्हतं.

डॉ. अदनान अल-बुर्श हे गाझातल्या अल-शिफा रुग्णालयाच्या अस्थिरोग विभागाचे प्रमुख. डिसेंबर 2023 मध्ये त्यांना अल-अवदा रुग्णालयातून नेलं, एप्रिल 2024 मध्ये ते ओफर तुरुंगात मेले. कमाल अदवान रुग्णालयाचे संचालक डॉ. हुसाम अबू सफिया यांना 27 डिसेंबर 2024 ला नेलं आणि दोषारोपाशिवाय महिनोन्‌महिने ठेवलं. मार्च 2025 मध्ये मगिदो तुरुंगात वेस्ट बँकेतल्या सिलवादचा सतरा वर्षांचा मुलगा मेला. सहा महिने तो आत होता. शवविच्छेदनाच्या वेळी कुटुंबाच्या वतीने हजर असलेल्या इस्रायली डॉक्टरने दीर्घकाळच्या कुपोषणाच्या खुणा नोंदवल्या.

हे कुणा शत्रूने रचलेलं नाही. बेत्सेलेम या इस्रायली संघटनेने ऑगस्ट 2024 मध्ये 55 सुटलेल्या कैद्यांच्या साक्षी प्रसिद्ध केल्या. मारहाण, उपासमार, औषध नाकारणं, लैंगिक अत्याचार. 7 सप्टेंबर 2025 ला खुद्द इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारला बजावलं, की कैद्यांना जगण्यापुरतं अन्न देणं ही कायद्याची जबाबदारी आहे. एखाद्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला तीन वेळच्या जेवणासाठी हुकूम काढावा लागतो, यावरून आत काय चाललं असेल ते समजावं. बेरशेबाजवळच्या स्दे तेइमान तळावर एका कैद्याचा छळ केल्याबद्दल फेब्रुवारी 2025 मध्ये पाच सैनिकांवर आरोप ठेवले गेले. त्याआधी, जुलै 2024 मध्ये, संशयित सैनिकांना ताब्यात घेतलं तेव्हा जमाव तळात घुसला होता आणि त्यात खासदारही होते. पुढे त्या छळाचं चित्रीकरण बाहेर दिल्याच्या प्रकरणात लष्कराच्या मुख्य विधी अधिकारी पदावरून गेल्या आणि अटकेत पडल्या. नोव्हेंबर 2025 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी समितीने याला प्रत्यक्षात चालणारं सरकारी धोरण म्हटलं.

मी 7 ऑक्टोबर 2023 विसरलेलो नाही. त्या दिवशी 251 माणसं ओलीस नेली, त्यांत म्हातारे होते, तान्ही मुलं होती, आणि हमासने रेड क्रॉसला त्यांच्याजवळ फिरकू दिलं नाही. ते घोर पाप होतं. पण त्याच दिवसापासून इस्रायलनेही आपल्या तुरुंगांची दारं रेड क्रॉसला बंद केली. चौथ्या जिनिव्हा कराराचं 143 वं कलम या भेटींचा हक्क देतं, आणि समोरच्याने करार मोडला तर तुम्हीही मोडा अशी सवलत त्यात कुठे नाही. कुटुंबांच्या भेटीही तेव्हापासून बंद. जाधवांच्या आईला निदान काचेआडून मुलगा दिसला.

बेरशेबात, दिमोनात, अश्दोदमध्ये आमचे कोकणातले ज्यू, बेने इस्रायल, राहतात. अलिबाग, रेवदंड्याकडून गेलेली ही माणसं घरात अजून मराठी बोलतात. त्यांच्यापैकी एका कुटुंबाशी माझा तीस वर्षांचा घरोबा आहे. हे पत्र त्यांच्याविरुद्ध नाही, भारत-इस्रायल मैत्रीविरुद्धही नाही. मैत्री आहे म्हणूनच आपला शब्द तिथे ऐकला जाईल.

भारताने 1988 मध्ये पॅलेस्टाईनला मान्यता दिली. 18 सप्टेंबर 2024 ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत इस्रायलचा ताबा संपवण्याच्या ठरावावर 124 देश बाजूने होते, आपण तटस्थ राहिलो. वर्षभराने, 12 सप्टेंबर 2025 ला, दोन राष्ट्रांच्या तोडग्याच्या न्यूयॉर्क जाहीरनाम्याला आपण मत दिलं. चांगलं केलं. पण तोडगा निघेल तेव्हा निघेल. कोठडीतल्या माणसाला आज रात्री जेवण, वकील आणि आरोपाचा कागद हवा आहे. रेड क्रॉसला तुरुंग उघडा, धरून नेलेल्या डॉक्टरांवर आरोप असेल तर उघड न्यायालयात ठेवा, नसेल तर घरी पाठवा, आणि मुलांना लष्करी न्यायालयातून बाहेर काढा, एवढं भारताने इस्रायलला समोरासमोर आणि आमसभेतही सांगावं. तिथे आपला शब्द उणा पडू नये म्हणून एक घरचं कामही करावं: छळविरोधी करारावर भारताने 1997 मध्ये सही केली, तो मंजूर अजून केलेला नाही. लोकसभेने 2010 मध्ये त्यासाठीचं विधेयक संमत केलं होतं, ते राज्यसभेत अडकून मेलं.

या पत्राची एक प्रत मी आमच्या खासदारांना हातोहात देत आहे. सोबत तारांकित प्रश्नाचा मसुदाही जोडला आहे: ऑक्टोबर 2023 पासून भारताने पॅलेस्टिनी कैद्यांना रेड क्रॉसची भेट मिळावी अशी मागणी इस्रायलकडे केली काय, केली असल्यास कोणत्या तारखेला, आणि नसल्यास त्याची कारणे काय?

आपला नम्र,
सांगलीचा एक निवृत्त वकील