रविवारचा सराव: पुठ्ठ्याचे घन, वृत्तचिती आणि शंकू

मंडळी, येत्या रविवारी स्क्रीन बंद. पुठ्ठ्यातून तीनच आकार करायचे आहेत. रंग, नक्षी काही नको. मागच्या वेळी चकाकत्या कागदाखाली किती वाकड्या कडा लपल्या होत्या, ते सगळ्यांनी पाहिलंय.

घनाची बाजू ६ सेंमी. त्याची सपाट घडण (दुमडली की घन होईल अशी सलग आखणी) ११ प्रकारे आखता येते. नेहमीची क्रूसासारखी सोडून दुसरी एखादी घरूनच आखून आणा. १२ कडांपैकी ५ घडीच्या, उरलेल्या ७ चिकटवायच्या. म्हणजे चिकटवायच्या पट्ट्याही ७च. आठवी आली तर आखणी पुन्हा तपासा.

वृत्तचिती सोपी आहे: त्रिज्या ३.५ सेंमी, म्हणून आयताची लांबी तळाच्या परिघाइतकी, २२ सेंमी, शिवाय चिकटवायला थोडी जागा.

खरी गंमत शंकूची. तळाची त्रिज्या ४ आणि तिरकस उंची (टोकापासून तळाच्या कडेपर्यंत) १२ सेंमी हवी असेल, तर १२ सेंमी त्रिज्येच्या वर्तुळातून १२० अंशांची पाकळी कापायची. (४ भागिले १२, गुणिले ३६०.) बरेच जण अंदाजाने गुंडाळतात आणि मग तळाची चकती आत पडते.

पार्सलच्या खोक्याचा जाड पुठ्ठा आणू नका; घडीत त्याची जाडी आडवी येते आणि घन नीट मिटत नाही. पातळ पुठ्ठा, कटर, स्टीलची पट्टी, डिंक आणि शाई संपलेलं बॉलपेन आणा. घडीच्या रेषेवर आधी ते दाबून फिरवायचं, मगच दुमडायचं.

कापताना पट्टीवरची बोटं कडेपासून मागे ठेवा.