आठ ट्रॉल्या मुरूम

अमळनेर
२८ मे २०२५

प्रिय वसंता,

पत्र पाहून दचकू नकोस. कोणी गेलेलं नाही. माझी साखर आहे तेवढीच आहे. उजवा गुडघा दुखायचा, आता डावाही दुखतो, म्हणजे बरोबरी झाली. फोन सोडून पत्र का, तर मी फोनवर बोलतो तिथून चार हातांवर दादाची खाट आहे, आणि त्याचं बाकी सगळं गेलं तरी कान शाबूत आहेत.

तर ऐक. तू बरोबर होतास. अंगणात मुरमाच्या दोनच ट्रॉल्या होत्या.

हे वाक्य पुन्हा एकदा वाच, वहिनीला वाचून दाखव, मग पुढे ये. पुन्हा लिहून मिळणार नाही.

परवा गेटपासून पोर्चपर्यंतची फरशी उखडायला घेतली. तुला ती आता ओळखू आली नसती. एक शहाबादी इकडे तोंड करून, एक तिकडे, जत्रेत हरवलेल्या माणसांसारखी. मनोजने जुनी गाडी घेतली आहे, तिचं पोट रोज मधल्या फरशीला घासायचं. तो आवाज आला की शोभा पोळी तव्यावर टाकायची. त्यात दादाचा वॉकर. वॉकरचे चार पाय चार वेगवेगळ्या उंचीवर पडायचे. म्हटलं, या पावसाळ्याआधी काय ते करून टाकू.

मिस्तरीने पहारीने दोन-तीन फरश्या उचलल्या आणि टिकाव मारला. चार-पाच बोटं मुरूम, त्याखाली थोडी राख, विटांचे तुकडे, आणि मग काळी. सरळ काळी माती, सरकी टोचली तर उगवेल अशी. मिस्तरी म्हणाला, "काका, मुरूम कुठे?" मी म्हटलं, पुढे असेल. पुढेही तेच. ३८ फूट लांब आणि ११ फूट रुंद, सगळीकडे तेच. मी म्हटलं, चहा घे. दुसरं काय म्हणणार?

आता वर काय टाकायचं यावर घरात रोज सभा भरते. मनोजला स्टॅम्प काँक्रीट हवं आहे, मोबाइलवर पाहिलेलं. दगडासारखे छाप, वर रंग, वर चकाकी. मी चौकशी केली. त्या चकाकीवर दोन-तीन वर्षांनी पुन्हा सीलरचा हात द्यावा लागतो, आणि आपल्याकडचं ऊन तर तुला माहीत आहे. मी त्याला म्हटलं, लेका, दोन वर्षांनी हात द्यायला तू इथे असशील का? तर तो म्हणतो, "पप्पा, लो मेंटेनन्स आहे." मेंटेनन्स नाही असं या घरात एकच होतं, आबांचा फोटो. त्याच्याही चौकटीला वाळवी लागली.

डांबराचा विचार एका सकाळपुरता केला. दुपारी ४४ अंश होते. समोरच्या रस्त्यावर माझी चप्पल चिकटली ती सोडवताना शेजारच्या पोरांनी पाहिलं. शिवाय चारशे फुटांसाठी रोलर कोण आणणार?

नुसता मुरूम दाबून वर बारीक खडी, हे सगळ्यांत स्वस्त. पण कडुनिंब तुला आठवतो ना? तो अजून आहे आणि अजून तसाच पानं गाळतो. खडीतून पानं झाडणं म्हणजे तांदळातले खडे निवडायचे आणि पुन्हा त्यातच टाकायचे. शोभाने हात जोडले. वॉकर तर रुतेलच. कोटा फरशी म्हटलं, तर ती पावसाळ्यात शेवाळ धरून गुळगुळीत होते आणि खाली पोकळी राहिली की चाकाखाली पापडासारखी मोडते. गुळगुळीत फरशीवर या घरात आता तीन माणसं पडू शकतात, त्यातला एक मी.

मला स्वतःला दोन चाकोऱ्या आवडल्या होत्या. दोन-दोन फुटांच्या दोन काँक्रीटच्या पट्ट्या, चाकं तेवढ्यावरून जातील, मधे माती-गवत, पाणी जिरेल, सिमेंटही निम्म्याहून कमी. घरातल्या कोणाला पटलं नाही. शोभा म्हणाली, "आणि बिबड्या कुठे वाळवू, गवतावर?" तुला हसू येईल, पण या घरात रस्त्याचा खरा उपयोग गाडीसाठी वर्षातून किती आणि बिबड्या-कुरडयांसाठी किती, याचा हिशेब तिच्याकडे आहे.

माय होती तेव्हा हा प्रश्नच नव्हता. शेणाचा सडा, पंधरा दिवसांनी सारवण. मेंटेनन्स होता, पण तो मायच्या कमरेवर होता म्हणून आपल्याला दिसला नाही.

म्हणजे उरले दोन. पेव्हर ब्लॉक, नाहीतर साधं काँक्रीट. पेव्हर तुझ्या धंद्याचा, म्हणून तुलाच विचारतो. समोरच्या गल्लीत पाच वर्षांपूर्वी बसवले ते आता चाकांच्या रेषेत बसले आहेत, सांध्यांतून हराळी आली आहे, मुंग्या खालची रेती वर काढून ढिगारे करतात. पण ते ६० मिलिमीटरचे होते आणि कडेला धरून ठेवायला बांधच नव्हता, ब्लॉक हळूहळू बाहेर सरकत गेले. ८० चे घेतले, कडेला पक्की कड घातली, खाली मुरूम-खडी ठोकून वर दीड इंच रेती दिली, तर टिकतील ना? ट्रॅक्टर वर्षातून दोनदा आत येतो. पाणीही सांध्यांतून थोडं जिरेल, बोअर जवळच आहे.

काँक्रीट म्हणजे पाच इंच, एम-२० प्रतीचं, चाळीसेक गोण्या सिमेंट. वरून झाडूने आडव्या रेघा मारायच्या म्हणजे पाय घसरत नाही, दर दहा फुटांवर काप द्यायचा म्हणजे तडा गेलाच तर कापातच जाईल, आणि गेटाकडे दर फुटाला पाव इंच उतार. हे सगळं तुझंच शिकवलेलं, मी फक्त परत म्हणून दाखवतो आहे. भीती मे महिन्याची. सकाळी ओतलं की दुपारी कोरडं. पोती ओली ठेवून, मातीची आळी करून दहा दिवस पाणी धरायचं, आणि आमच्या नळाला पाणी चार दिवसांनी. शोभा म्हणते काँक्रीटच करा, एकदा ओतलं की मिटलं. मनोजही आता तिकडेच झुकला आहे.

माझं मन पेव्हरकडे जातं. कारण विचारलं तर मी सांगतो की उद्या पाण्याचा पाइप फुटला तर चार ब्लॉक उचलायचे, दुरुस्त करायचं, परत बसवायचे. हे खरंच आहे. पण परवापासून मनात येतं की उचलून खाली काय आहे ते बघता येतं, हेही आहेच. काँक्रीट एकदा ओतलं की खालचं कोणी विचारत नाही.

२००६ च्या आखाजीनंतरची, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतरची, ती दुपार मी किती वेळा विसरायचा प्रयत्न केला आहे. तू निंबाखाली बसून कैरी खात होतास. म्हणालास, "सुभ्या, आठ ट्रॉल्यांचे पैसे दिलेस ना? मी कालपासून मोजतोय, दोनच आल्या." आणि मी ओरडलो, माझ्या भावाला चोर म्हणतोस? तू तो शब्द काढलाच नव्हतास. तो माझाच होता, माझ्या तोंडात तयार होता. म्हणजे मला काय माहीत होतं आणि काय नव्हतं, हे मी परवा त्या खड्ड्याकडे बघत स्वतःला विचारत बसलो. उलट तुलाच म्हणालो, डिप्लोमा झाला म्हणून आमच्या अंगणात हुशारी पाजळू नको. तू कैरी अर्धी टाकून उठलास.

आता पुढचं फक्त तुलाच कळेल. त्या वर्षी मळ्याच्या वाटेवर बैलगाडी रुतली नाही. आठवतंय? दरवर्षी नाल्याच्या वळणावर गाडी चाकाच्या तुंब्यापर्यंत बसायची, आबा शिव्या द्यायचे, आपण दोघं मागून खांदा लावायचो. २००६ ला पहिल्यांदा कापूस सरळ घरी आला. सगळ्यांनी दादाचं कौतुक केलं, वाट सुधारली म्हणून. मीही केलं. कोणी विचारलं नाही की मुरूम कुठून आला. सहा ट्रॉल्या, वसंता. माझ्या घराच्या सहा ट्रॉल्या त्या वळणावर आहेत, आणि त्यांच्यावरून एकोणीस वर्षं माझाच कापूस घरी येतो आहे.

दादाने मला तेव्हा सांगितलं असतं तर मी हो म्हणालो असतो का? नाही. मला पोर्चपर्यंत फरशी हवी होती, सासरचे येणार होते. म्हणून त्याने सांगितलं नसावं. किंवा वाटेतली एखादी ट्रॉली आणखी कुठे गेली असेल, मला माहीत नाही, आणि आता त्याला विचारणार नाही. खोदकाम चालू होतं तेव्हा तो खुर्चीवर बसून बघत होता. काळी माती वर आली तेव्हाही बघत होता. मी त्याच्याकडे पाहिलं, त्याने आभाळाकडे पाहिलं आणि म्हणाला, "भरी टाक आते, पानी ई ऱ्हायनं." आणि खरंच संध्याकाळी वळीव आला. खड्डा गुडघाभर भरला. आता मिस्तरी म्हणतो, वाळेपर्यंत काही करता येणार नाही.

आणखी एक सांगून टाकतो, नाहीतर पुन्हा धीर होणार नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुरत पाण्याखाली गेली तेव्हा तुला फोन लागला नाही, असं मी सगळ्यांना सांगितलं, पुढे तुलाही. मी लावलाच नव्हता. टीव्हीवर तुमच्याकडच्या घरांना पहिल्या मजल्यापर्यंत पाणी दाखवत होते, माझ्या हातात नवा नोकिया, तुझा नंबर काढलेला, आणि मी मनात म्हणत होतो, आधी त्याने करावा. तापी आमच्या जिल्ह्यातूनच तुमच्याकडे येते, आणि मी बसलो होतो ट्रॉल्या मोजत. दिवाळीला तू स्वतःहून आलास, पेढ्याऐवजी तुमची ती सुरती मिठाई, घारी घेऊन, आणि म्हणालास, "फोन बंदच होते रे सगळ्यांचे." तुला माहीत होतं की नव्हतं?

पिंकीचं पक्कं झाल्याचं भुसावळच्या मावशीकडून कळलं. तुझ्याकडून का नाही, ते भेटल्यावर. मुलगा काय करतो, कुठला, मानपान किती, सगळं कळव. वहिनीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का? साहित्य संमेलन अमळनेरला झालं तेव्हा येतो म्हणून आला नाहीस, तुझ्यासाठी धरलेल्या खुर्चीवर एक कवी बसला आणि त्याने मला दोन तास कविता ऐकवल्या. तो हिशेब वेगळा आहे.

मुरूम पुढच्या शनिवारी, ७ तारखेला येईल. आठ ब्रास सांगितला आहे, पैसे अजून दिलेले नाहीत. तू शुक्रवारी रात्री उधन्याला गाडीत बस, पहाटे स्टेशनवर मनोज येईल. खुर्ची निंबाखाली ठेवतो. कैऱ्या संपल्या असतील, पण शेवभाजी होईल. दादाला सांगितलं तू येणार आहेस. तो म्हणाला, "वसंता ना? मोजू दे त्याला."

तुझा,
सुभ्या

ता. क. येताना ८० चा एक ब्लॉक पिशवीत आण. शोभाला हातात घेऊन बघायचा आहे.