माझं बीपी, आणि आई, तुझंही

ती. आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

काल फोनवर आईचा आवाज भरून आला आणि मलाही पुढं बोलवेना, म्हणून लिहायला बसले. बाबा आधी आकडे विचारतील. मागच्या आठवड्यात बीपी 150/96 निघालं. चार तासांनी परत मोजलं, 146/94. असं दोनदा 140/90 किंवा त्याच्या वर गेलं की बीपी वाढलंय असं धरतात. लघवीत प्रोटीन नाही. बाळाची वाढ 28 आठवड्यांना हवी तशी आहे. बीपी उतरवणाऱ्या लॅबेटालॉलच्या गोळ्या सुरू केल्यात.

आई, तू म्हणालीस, गोळ्या कशाला, मीठ सोड. मी डॉक्टरबाईंना हेच विचारलं. त्या म्हणाल्या, गोळी चुकवायची नाही, जेवण गोळीची जागा घेत नाही. आणि मीठ पार बंदही करायचं नाही. अळणी जेवण घशाखाली उतरत नाही, मग बाळाला काय मिळणार? दिवसभराचं सगळं मिळून चहाचा एक सपाट चमचा, म्हणजे 5 ग्रॅमच्या आत, एवढं बघायचं.

मोजायला लागले तेव्हा कळलं, मीठ फक्त भाजी-आमटीतूनच जात नाही. ब्रेड, बिस्किटं, शेव, लोणचं यांतूनही ते बरंच जातं. पापडात मीठ असतं, वर पापडखार, त्यातही सोडियमच. तू उन्हात बसून केलेल्या पापड-सांडग्यांचा डबा मी अजून उघडलेला नाही. वाईट वाटून घेऊ नकोस, तो बाळंतपणानंतर आपण मिळून उघडू. तुझ्या कांदा-लसूण मसाल्यात मीठ असतंच, म्हणून तो घातला की भाजीत वेगळं मीठ टाकत नाही. शेंगाचटणी मात्र रोज खाते, बिनमिठाची, लसूण जरा जास्त घालून. भाकरीबरोबर छान लागते. सैंधव शेवटी मीठच. बाबा, तुम्ही सांगितलेल्या कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असतं, ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेणार नाही. आणि खोकल्यासाठी पाठवलेलं ज्येष्ठमध बाजूला ठेवलंय. त्यानं बीपी चढतं, हे मलाही माहीत नव्हतं.

कॅल्शियमकडे खास लक्ष द्यायला सांगितलंय. ज्यांच्या जेवणात ते कमी पडतं, त्या बायकांना गरोदरपणात या त्रासाचा धोका जास्त असतो. म्हणून सकाळी नाचणीची आंबील, दुपारी जिरेपूड घातलेलं बिनमिठाचं ताक, रात्री दूध. कॅल्शियमच्या 500 मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या आहेतच. त्या लोहाच्या गोळीबरोबर घेत नाही, कॅल्शियम लोहाला नीट अंगी लागू देत नाही.

आता आई, तुझ्याबद्दल. घरात कुणाला हा त्रास होता का, असं डॉक्टरबाईंनी विचारलं. तेव्हा मला तुझं बोलणं आठवलं. माझ्या वेळी तुझं तोंडसुद्धा सुजलं होतं, डोकं ठणकायचं, आणि मी आठव्या महिन्यातच झाले. घरात सगळे म्हणायचे, पहिलटकरणीला सूज येतेच. तुझं बीपी तेव्हा कुणी मोजलं होतं का गं? गरोदरपणात ज्यांचं बीपी वाढतं, त्यांना पुढेही बीपीचा आणि हृदयाच्या दुखण्याचा धोका जास्त राहतो. बाबांचं मशीन कपाटावरच आहे आणि तुझ्या दंडाला तो पट्टा मी कधी पाहिला नाही. हे मला आता फार लागतं. बाबा, सात दिवस सकाळी चहाआधी तिला पाच मिनिटं शांत बसवून मोजा आणि वहीत लिहा. ती "मला काय धाड भरलीय" म्हणेल, तरी मोजा.

सातव्यात माहेरी यायचं ठरलं होतं, ते आता नको. डोकं असह्य दुखलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले, बरगडीखाली कळ आली किंवा तोंड-हात एकदम सुजले, तर रात्री दोनलासुद्धा दवाखाना गाठायचाय, आणि तान्ह्या बाळांचा अतिदक्षता विभाग असलेला दवाखाना इथून दहा मिनिटांवर आहे. तेव्हा तुम्हीच लवकर निघा. येताना घरचे शेंगदाणे आणा, बिनमिठाचे, आणि आईच्या आकड्यांची ती वही.

तुमची,
धाकटी