संकेतस्थळांनाही मुद्रितशोधक हवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

फैजपूरला माझे ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे केंद्र आहे. केळीच्या पीक विम्याचे दिवस आले की न्हावी, भालोद, चिनावलचे शेतकरी कागदांच्या पिशव्या घेऊन बाकड्यावर बसलेले असतात. त्यांच्यादेखत एखाद्या योजनेचे पान उघडावे आणि वर ठळक अक्षरांत 'केली उत्पादक शेतकर्यांसाठी सूचना' दिसावे, याचे फार वाईट वाटते. अख्खा तालुका ज्या पिकावर जगतो, त्याचे नावही कुणी वाचून पाहिलेले नसते.

जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना 'ळ' आणि 'ऱ्य' हमखास बिघडतात. कुठे यंत्राने केलेले भाषांतर तसेच चढवलेले असते. ही अडचण मला समजते. पण पान लोकांसमोर जाण्याआधी एका मराठी माणसाने ते वाचायला किती वेळ लागतो?

नावांच्या बाबतीत तर नुकसानच होते. बऱ्हाटे आडनाव एका नोंदीत 'बर्हाटे', दुसऱ्या नोंदीत 'बराटे'. संगणकाच्या लेखी ती दोन माणसे. अर्ज अडकतो आणि सत्तरीतले आजोबा तालुक्याला चकरा मारतात. अमळनेर कुठे 'अंमळनेर' असते, शिरपूर कुठे 'शिरपुर'. साध्या शोधचौकटीत एक रूप टाकले की दुसरे सापडत नाही. माहिती समोर असून माणूस 'काही नाही आलं' म्हणत उठून जातो. गावाच्या नावातला 'पूर' दीर्घ लिहावा, न उच्चारलेला अनुस्वार देऊ नये, हे नियम १९६२ पासून शासनमान्य आहेत. तरीही 'जळगांव' चालूच आहे.

यावर एकाने मला ऐकवले, "खान्देशात कुठं शुद्ध बोलतात?" आमच्या घरी केळीला 'केयी'च म्हणतात आणि त्याचा मला अभिमान आहे. बहिणाबाईंच्या ओव्यांतले 'डोये' कुणी 'डोळे' करू नयेत. पण बोली जपणे वेगळे आणि बेफिकिरीने टंकलेली सरकारी सूचना वेगळी.

आपल्या वर्तमानपत्रात चूक झाली तर दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापता येते. संकेतस्थळावरची चूक वर्षानुवर्षे तशीच राहते आणि तिथून पुढच्या अर्जांत, दाखल्यांत उतरत जाते. म्हणून संकेतस्थळाचे काम देतानाच मराठी मुद्रितशोधकाचे वाचन करारात बंधनकारक करावे. प्रत्येक पानावर चूक कळवण्याची सोय असावी आणि ती कोणत्या पदावरचा अधिकारी दुरुस्त करणार तेही तिथेच लिहावे. गावांच्या याद्या तर विम्याच्या पुढच्या हंगामाआधी त्या त्या ग्रामपंचायतीकडून तपासून घ्याव्यात, ही संबंधित विभागांना विनंती.

— एक केंद्रचालक, फैजपूर (ता. यावल, जि. जळगाव)