सर, फेलोशिपची पण एक तारीख ठरवा की!

मा. केंद्रीय विज्ञान आणि तंत्रज्ञान मंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार. मी पुण्यात केमिस्ट्रीत पीएचडी करतोय, चौथं वर्ष चालूये. परवा एका ज्युनिअरचा फोन आला, लातूरकडची पोरगी, एमएस्सी झाली, नेटची परीक्षा निघाली, जेआरएफ (पीएचडीच्या पहिल्या दोन वर्षांची सरकारी फेलोशिप) पण मिळालीये आणि एका मॉलिक्युलर बायोलॉजीच्या लॅबने घेतोही म्हणून सांगितलंय. तिने विचारलं काय, तर "दादा, जॉइन झाल्यावर पहिले पैसे कधी येतात?" रिसर्चबद्दल एक अक्षर नाही. आणि मला खरंच उत्तर देता येईना.

कागदावर सगळं झकास आहे हो. १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफ महिन्याला ३१ हजारांची ३७ हजार झाली, दोन वर्षांनी एसआरएफ (त्याच्या वरची फेलोशिप) झालं की ४२, वर एचआरए म्हणजे घरभाडं. आकड्याबद्दल माझी तक्रार नाही (आहे, पण ती पुन्हा कधीतरी). तक्रार तारखेची आहे. माझे पहिले पैसे साडेपाच महिन्यांनी आले, मग एसआरएफच्या वेळी परत चार महिने ठणठणाट. कुठल्या टेबलावर काय अडकलं होतं ते आजपर्यंत कळलेलं नाही, फोन केला की "प्रोसेसमध्ये आहे". तोवर मेसवाले काका वहीत उधारी मांडत होते आणि मी घरी सांगत होतो की मजेत चाललंय.

आणि आमचं काम काही थांबत नाही ना. रात्री अकराला कॉलम (कंपाउंड शुद्ध करायची, सिलिका भरलेली नळी) लावलेला असतो, तो मधेच सोडला तर सिलिका कोरडी पडून तडे जातात आणि तीन आठवडे खपून बनवलेलं कंपाउंड त्यातच अडकून बसतं, म्हणून बसा टेस्ट ट्यूबमध्ये फ्रॅक्शन (खाली थोडं थोडं उतरणारं द्रावण) गोळा करत, आणि कंपाउंड कुठल्या ट्यूबमध्ये आलंय ते कळायला टीएलसी प्लेट यूव्हीखाली धरून स्पॉट बघत. तेवढ्यात बँकेचा मेसेज, मिनिमम बॅलन्स नाही म्हणून पैसे कापले. शेजारच्या लॅबमधल्या बायोलॉजीवाल्यांचं तर त्याहून अवघड, सेल्सना म्हणजे पेशींना रविवार कळत नाही, त्यांचा मीडिया (ज्यात त्या वाढतात ते द्रव) बदलायला यावंच लागतं.

आता सिस्टीम बदलायला वेळ लागतो असं म्हणू नका. २३ जुलै २०२४ च्या बजेटमध्ये लॅब केमिकल्सवरची कस्टम ड्युटी १० टक्क्यांवरून थेट १५० केली होती, लॅबवाल्यांनी बोंब मारली आणि दहा दिवसांच्या आत लॅबसाठी ती परत १० वर आली. म्हणजे मनात आलं की फाईल पळते!

आमचं एवढंच करा, महिन्याच्या ५ तारखेच्या आत पैसे खात्यात, आणि एसआरएफचा कागद अडकला तर तोवर जुन्या रेटने चालू ठेवा, फरक नंतर द्या.

त्या पोरीला मी सांगितलं, जॉइन हो, पण सहा महिन्यांचे मेसचे पैसे आधी बाजूला काढ. ती म्हणाली, सोयाबीन विकलं की पप्पांना विचारते.

आपला,
एक रिसर्च स्कॉलर, पुणे