पट्टी बांधलेला पाय

हॅरिसबर्ग, पेनसिल्व्हेनिया

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार. तुझा फोन आला तेव्हा मी बाहेर होतो, नंतर वेळेचा मेळ बसला नाही. बरंच झालं. जे सांगायचं आहे ते फोनवर मावलं नसतं.

परवा रविवारी कार्लाइलला जाऊन आलो. इथून गाडीने अर्धा तास. आता तिथे लष्कराची छावणी आहे, आणि तिच्या कडेला, अगदी रस्त्यालगत, एक लहानसं दफनस्थान. एकसारखे पांढरे दगड. दगडावर नाव, खाली जमात: सू, अपाची, शायेन. काहींवर नुसतंच ‘अज्ञात’. एका दगडापाशी कुणीतरी नाणी ठेवली होती, दुसऱ्यापाशी खेळण्यातली चिमुकली मोटार. १८७९ ते १९१८ इथे कार्लाइल इंडियन इंडस्ट्रियल स्कूल होतं. दूरदूरच्या ‘इंडियन’, म्हणजे अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या, जमातींतली मुलं आणायची, आल्या आल्या केस कापायचे, नवं नाव द्यायचं, घरची भाषा तोंडातून काढू द्यायची नाही. ‘इंडियन मारा, माणूस वाचवा’ हा संस्थापक प्रॅट यांचा मंत्र.

एवढं कळलं की जीव गलबलतो आणि आपण तिथेच थांबतो. मीही थांबलो होतो. पण सुहास, ही मुलं खेळत होती रे! आणि काय खेळत होती! तेच तुला सांगायचंय.

खेळत होती फुटबॉल, म्हणजे इकडचं, चेंडू बगलेत मारून धावायचं. कार्लाइल नावाला शाळा, पण सामने थेट मोठ्या कॉलेजांशी. अंगाने ही पोरं समोरच्यांपेक्षा हलकी, म्हणून वेग आणि डोकं यांवर सगळी भिस्त. १९०३ मध्ये हार्वर्डविरुद्ध त्यांनी चेंडू एका गड्याच्या जर्सीत पाठीमागून खुपसला. हार्वर्डवाले चेंडू शोधत सैरावैरा, आणि हा पठ्ठ्या मोकळे हात हलवत पार टोकाला पोचला! तो सामना मात्र त्यांनी १२-११ असा एका गुणाने गमावला.

आता १९११. कोच पॉप वॉर्नर, मैदानात चाली ठरवणारा क्वार्टरबॅक गस वेल्च, आणि दोन वर्षं बाहेर काढून परत आलेला, सॅक अँड फॉक्स जमातीचा जिम थॉर्प. पिट्सबर्गला १७-० ने हरवलं, लाफाएट कॉलेजला १९-० ने. तिथे थॉर्पचा पाय दुखावला. पुढचा पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचा सामना तो बाहेर बसला, तरी पोरांनी १६-० ने काढला. मग ११ नोव्हेंबर, हार्वर्डचं मैदान. हार्वर्डच्या कोचने सुरुवातीला राखीव खेळाडू उतरवले, पहिली फळी झाकून ठेवली. कार्लाइलकडे असं झाकून ठेवायला माणसंच नव्हती. थॉर्प पट्ट्या गुंडाळलेल्या पायाने उतरला.

मध्यंतराला हार्वर्ड ९-६ ने पुढे. तेव्हा टचडाउनला, म्हणजे चेंडू घेऊन पार टोकाला पोचायला, पाच गुण, त्यानंतरच्या किकला एक, आणि फील्ड गोलला, म्हणजे चालू खेळात लाथेने चेंडू गोलच्या खांबांमधून काढायला, तीन. थॉर्पने त्या दिवशी चार फील्ड गोल मारले. शेवटी शेवटी हार्वर्डची ताजीतवानी पहिली फळी अंगावर आली, तरी सामना कार्लाइलने १८-१५ असा घेतला. हिशेब करून बघ: अठरातले बारा गुण त्या चार लाथांचे.

हे वाचताना मला सारखा तू दिसत होतास. आंतरमहाविद्यालयीन फायनलला सुजलेल्या घोट्यावर क्रेप बँडेज आवळून चढाईला निघालेला. मी पाटावर बसून तुझ्या पायाकडेच बघत होतो, पाटीवरच्या गुणांकडे माझं लक्षही नव्हतं. दुखऱ्या पायावर अख्खं अंग तोलायचं म्हणजे काय, हे तुला मी काय सांगणार!

आणि हेही बघ: त्याच १९११ च्या उन्हाळ्यात आपला क्रिकेटपटू पळवणकर बाळू इंग्लंडच्या मैदानांवर शंभराहून जास्त बळी घेत होता. पुण्यात ज्याला अस्पृश्य मानून चहा वेगळ्या मातीच्या भांड्यात, पॅव्हेलियनबाहेर मिळायचा, तोच.

हार्वर्डला हरवल्यावर आठवड्याभरात कार्लाइल सिराक्यूजकडून हरली. पुन्हा १२-११! अख्ख्या सीझनमध्ये बारा सामने, आणि हार हीच एक. मला अजून चुटपुट लागते, शंभराहून जास्त वर्षं उलटली तरी.

पुढच्या वर्षी स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये थॉर्पने पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन या पाच आणि दहा प्रकारांच्या स्पर्धांची सुवर्णपदकं जिंकली आणि परत येऊन वेस्ट पॉइंटच्या लष्करी कॅडेटांना २७-६ ने धूळ चारली. त्या कॅडेटांत आयझेनहॉवर होते, पुढे राष्ट्राध्यक्ष झाले तेच. पदकं मात्र १९१३ मध्ये काढून घेतली, कारण काय, तर पूर्वी चिल्लर पैशांवर बेसबॉल खेळला म्हणून; तेव्हा ऑलिंपिक फक्त हौशी खेळाडूंसाठी होतं. दोन्ही स्पर्धांचा एकमेव विजेता म्हणून त्याचं नाव पुन्हा लागायला २०२२ उजाडलं. तो गेला १९५३ मध्ये. या गोष्टीचा राग माझ्याने आवरत नाही.

त्यांचं मैदान, इंडियन फील्ड, छावणीच्या आत अजून आहे. आत जायला परवानगी लागते, मी अर्ज करतोय. तू दिवाळीनंतर येणार म्हणालास ना? मग ११ नोव्हेंबर धरूनच तिकीट काढ. हार्वर्डचं ते काँक्रीटचं स्टेडियम अजून तसंच उभं आहे. आपण दोघं वरच्या पायरीवर बसू आणि त्याने चार किक कुठून कुठून मारल्या असतील, ते तू मला दाखव.

वहिनींना नमस्कार, चिमणीला पापा.

तुझाच,
अविनाश