वाडीला इतिहास नाही, हे कुणी ठरवलं?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला डोंगरवाड्यांवरचा लेख वाचला. लेखक आमच्या भागात आले, चार माणसांशी बोलले, त्याबद्दल त्यांचे आभार. पण ‘या वस्त्यांना ना इतिहास, ना लोकसंख्या’ हे वाक्य तुम्ही छापलंत कसं? वाडीची नोंद कुणी केली नाही, हा दोष वाडीचा नाही.

जनगणनेत आकडा छापला जातो तो महसुली गावाचा, म्हणजे सरकारी दप्तरात स्वतंत्र गाव म्हणून नोंद असलेल्याचा. वाडीतली माणसं खालच्या गावाच्या बेरजेत जातात आणि तिथेच दिसेनाशी होतात. २०११ साली आमच्याकडे प्रगणक वर चढलेच नाहीत. खाली गावातल्या देवळात बसून त्यांनी एका गावकऱ्याला विचारून वाडीतली घरं लिहून घेतली. माझी आई रेशनकार्ड पिशवीत घालून दिवसभर ओटीवर वाट बघत बसली होती. कुणी आलं नाही. नंतर कितीतरी दिवस ती विचारायची, “माझं नाव लिवलं का रं?” मला उत्तर देता आलं नाही. आता ती नाही, आणि त्यानंतर आजवर जनगणनाही झालेली नाही.

यात बिघडलं काय, असं वाटणाऱ्यांनी इर्शाळवाडी आठवावी. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली आणि सकाळी पहिला प्रश्न पडला तो हा, की वर माणसं होती किती? मुलं आश्रमशाळेत होती, काही जण मासे धरायला गेले होते. जिवंत राहिलेल्यांना विचारून विचारून यादी करावी लागली. २७ मृतदेह सापडले, ५७ जण सापडलेच नाहीत. दरडप्रवण गावांच्या यादीतही ही वाडी नव्हती. त्याआधी २०२१ साली महाडला गाडली गेली ती कोंढाळकरवाडी, पण सगळीकडे नाव छापून आलं ती ज्या गावात मोडते त्या तळियेचं.

आणि इतिहास! आमच्या वाडीच्या वरच्या अंगाला करवंदीच्या जाळीत जुन्या घरांची जोती आहेत. एका जोत्याशी अर्धं फुटलेलं जातं पडलेलं आहे, खुंट्याचं भोक अजून शाबूत आहे. पाणी आटलं म्हणून आमच्या पणजोबांच्या पिढीने ती जागा सोडली आणि खालच्या झऱ्याशी घरं बांधली. कुणाचं घर कोणत्या जोत्यावर होतं, ते वाडीतल्या म्हाताऱ्या माणसांना आजही सांगता येतं. तुमच्या लेखकांना तिथवर न्यायला आम्ही तयार होतो. ते खालूनच परतले.

पुढच्या जनगणनेचा संदर्भदिन, म्हणजे ज्या दिवसाची लोकसंख्या धरायची तो दिवस, १ मार्च २०२७ ठरला आहे. या वेळी प्रगणकाने प्रत्येक वाडीत चढून यावं आणि वाडीवार आकडे गावच्या चावडीवर लावावेत, ही मागणी तुमच्या वृत्तपत्राने लावून धरावी. जंगलातल्या, मोजणी न झालेल्या वस्त्यांना महसुली गाव करून घेण्याचा हक्क २००६ च्या वनहक्क कायद्यात आहे. त्यावरही एखादा लेख येऊ द्या.

जाता जाता आणखी एक. हमरस्त्यावरच्या आमच्या फाट्यावर फार्महाऊसच्या पाट्यांची रांग लागली आहे, पण वाडीच्या नावाची एकही पाटी नाही. रात्री आजारी माणसासाठी बोलावलेली रुग्णवाहिका तो फाटा ओलांडून पुढे निघून जाते. तुमचे वार्ताहर त्याच फाट्यावरून रोज जातात, त्यांनी हे एकदा तरी लिहावं.

आपला,
खालापूर तालुक्यातील एक वाचक